ताईचं माप

माझा नवरा घाबरट आहे. हे मी भांडणाच्या भरात म्हणत नाही. भांडणासाठी माझ्याकडे याहून जहाल शब्द आहेत. अकरा वर्षांच्या संसारानंतर शांतपणे सांगते आहे. घराबाहेर पडताना तो कुलूप तीनदा ओढून बघतो, जिना उतरून खाली गेला की गॅस बंद केला होता का ते बघायला परत वर येतो. लिफ्टमध्ये एकटा चढत नाही. फोन वाजला की आधी त्याचा चेहरा पडतो आणि मग तो फोन उचलतो. मी त्याला म्हणते, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तो म्हणतो, "असू दे. ब्रह्मराक्षस आलाच तर मी निदान जागा असेन."

अशा माणसाला नोकरी कसली मिळावी? लोकांना किती घाबरवायचं ते ठरवण्याची.

तो एका लहानशा कंपनीत आहे. तिथे कॉम्प्युटरवर खेळायचे गेम बनवतात. सध्याचा गेम अंतराळातल्या लढाईचा आहे. खेळणाऱ्याला सुरुवातीला एक फाटकं यान मिळतं. एक मोहीम जिंकली की बरं इंजिन, आणखी एक जिंकली की जाड कवच, मग लांब पल्ल्याची तोफ. यान वाढत जातं तशी शत्रूची यानंही वाढायला हवीत, आणि ती किती वाढायला हवीत हे माझा नवरा ठरवतो. शत्रू मागे पडला तर खेळणारा जांभया देतो. शत्रू फार पुढे गेला तर तो गेम बंद करतो आणि कंपनीच्या नावानं बोटं मोडतो. या दोन्हींच्या मधून चाळीस मोहिमा न्यायच्या. चित्रं काढणारे वेगळे, आवाज देणारे वेगळे. हा फक्त आकडे बसवतो. शत्रूचा वेग किती, नेम किती पक्का, कोणत्या बाजूनं किती जण येणार. ऑफिसात त्याला सगळे मापारी म्हणतात. त्याच्या मुख्य बाईंनी एकदा आमच्या घरी फोन करून "मापारी आहेत का?" असं विचारलं, तेव्हा मी राँग नंबर म्हणून ठेवून दिला होता.

त्याचा एक नियम आहे. नव्या मोहिमेत माणसानं तीनदा मरावं आणि चौथ्यांदा जिंकावं. एकदाच मेला तर त्याला वाटतं फुकटात मिळालं. सहादा मेला तर वाटतं, आपण नालायक. "तीनदा मरून जिंकलेला माणूस खुर्चीत ताठ बसतो," असं तो म्हणतो. हे सांगताना तो स्वतःही ताठ बसतो, एरवी कधी बसत नाही.

पण हे माप घ्यायचं कोणावर? ऑफिसातल्या पोरापोरींची बोटं अशी चालतात की त्यांच्यावर माप धरलं असतं तर जगात दहाच माणसांनी हा गेम खेळला असता. त्याला हवं होतं एक साधं, शहाणं, जरा तापट माणूस, ज्याला खेळाचा नाद नाही पण हरण्याचा राग येतो. असं माणूस त्याच्या घरातच होतं. त्याची ताई.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आईबाप दोघंही कामावर जायचे, त्यामुळे याला तिनंच वाढवलं. वेणी घालायची तेवढी बाकी ठेवली असेल. ती शाळेची बस चालवते. चालवायची. एकोणीस वर्षं, आणि बसला एक ओरखडा नाही, असं ती कोणी विचारो न विचारो सांगायची. तिच्या बसमध्ये अठ्ठावीस मुलं, त्यांतली एक आमची चिंगी. आधी दाराशी एक मदतनीस बाई बसायची. ती गेल्या वर्षी काम सोडून गेली आणि शाळेनं तिच्या जागी कोणाला घेतलंच नाही. तेव्हापासून ताई स्वतःच्या जागेवरून दांडा ओढून डावीकडचं दार उघडायची, डावीकडच्या आरशात बघत पोरं उतरली की मोजायची, आणि बस काढायची.

रविवारी ती आमच्याकडे जेवायला येते. जेवण झालं की चपला काढून, एक पाय दुमडून पलंगाच्या कडेला बसायची आणि भावाचा गेम खेळायची. पहिल्यांदा निव्वळ भावाचं मन राखायला बसली होती, मग चटक लागली. शत्रूच्या यानाला ना तोंड ना डोळे, पण ही त्याला म्हणायची, "थोबाड बघ मेल्याचं! मागून येतोस होय?" नवरा तिच्या मागे स्टूलवर वही घेऊन बसायचा. किती मिनिटं लागली, कितीदा मेली, कवच किती उरलं. त्याच्या तक्त्यात बाकी सगळ्या रकान्यांना अगम्य नावं होती आणि एका रकान्यावर लिहिलेलं होतं, ताई. पुढे ऑफिसातसुद्धा तोच शब्द चालू झाला. नवी मोहीम तयार झाली की मुख्य बाई विचारायच्या, "ताईच्या मापात बसते का?"

दोन वर्षं हे असं चाललं आणि उत्तम चाललं.

मग एकविसाव्या मोहिमेपासून ताई जास्त मरायला लागली. तीनऐवजी पाचदा, पुढच्या मोहिमेत सातदा. "तुझी ही डावीकडची पिलावळ फार चावट झालीय हं," ती कुरकुरली. नवऱ्यानं त्याच्या नियमाप्रमाणे केलं: सोमवारी ऑफिसात जाऊन डावीकडच्या शत्रूंचा वेग थोडा उतरवला. पुढच्या रविवारी ताई तीनदा मेली, चौथ्यांदा जिंकली. सगळं जागच्या जागी. दोन मोहिमांनंतर पुन्हा तेच. पुन्हा थोडा उतरवला. मी बाजूला कपडे घडी करत बसलेली असायचे. एकदा म्हटलंसुद्धा, "बहिणीला जिंकवायचा पगार मिळतो का रे तुला?" तिघंही हसलो. मीही हसले, हे लिहून ठेवते, म्हणजे सगळा दोष त्याच्याच पदरात पडायला नको.

माझा धंदा शिवणाचा. कपडे उसवून, मापाला आणून देते. आमच्यात एक गोष्ट पहिल्या वर्षी शिकवतात: कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते. तुम्ही सगळी मापं काळजीनं घेता आणि तरी प्रत्येक कपडा चुकतो, आणि तुम्ही गिऱ्हाइकाला म्हणता, बाई, तुम्ही वाळलात. म्हणून टेप अधूनमधून लाकडी पट्टीशी लावून बघायची. हे मला ठाऊक होतं. पण ताईला टेप समजून बघायचं माझ्याही डोक्यात आलं नाही, आणि त्याच्याकडे तर दुसरी पट्टीच नव्हती. आता आहे. आता अकरा साधी माणसं त्याच्यासाठी खेळतात, आणि दर तीन महिन्यांनी तो त्या सगळ्यांना एक जुनी मोहीम पुन्हा खेळायला लावतो, माणूस तेवढाच आहे ना बघायला.

तर एका शुक्रवारी ऑफिसनं हा गेम चाळीस अनोळखी लोकांपुढे ठेवला. संध्याकाळी मुख्य बाईंनी याला बोलावून घेतलं. "मापारी, एकविसाव्या मोहिमेपासून डावीकडचे शत्रू झोपेत आहेत का? उजवीकडचे ठीक येतात. डावीकडचे रांगत येतात. लोक हसतायत."

तो म्हणाला, शक्य नाही. मग जागेवर जाऊन त्यानं स्वतःच्या नोंदी उघडल्या. आठ महिन्यांत त्यानं सतरा बदल केले होते. प्रत्येक बदल एवढासा. प्रत्येकापुढे कारण लिहिलेलं: ताईला डावीकडचे जड जातात, वेग कमी. ताईला डावीकडचे जड जातात, नेम कच्चा. तो म्हणतो, त्याला पहिल्यांदा लाजच वाटली, आपण इतके कसे ढिले झालो. मग वाटलं, आपल्या घरच्या कंट्रोलरची डावी बाजू खराब असेल. पण तो त्यानं दोन महिन्यांपूर्वीच नवा आणला होता.

त्या गेमला प्रत्येक घाव लक्षात राहतो. खेळणाऱ्याच्या यानाला कुठून मार बसला, ते एका गोल चित्रावर ठिपक्यांनी दाखवता येतं. त्यानं ताईचं दीड वर्षापूर्वीचं चित्र काढलं. ठिपके चहूकडे विखुरलेले, कुठे दाट नाहीत. मग गेल्या महिन्याचं काढलं. डावीकडे खालच्या कोपऱ्यात सगळा काळा ढीग, बाकीचं वर्तुळ जवळजवळ कोरं. तो चित्राकडे बघत बसला तेव्हा शेजारच्या पोरीनं विचारलं, "मापारी, बरं वाटत नाहीये का?"

घरी येऊन मला त्यानं अवाक्षर सांगितलं नाही.

रविवारी ताई आली, जेवली, पलंगावर बसली. यानं तिला याच गेमची अगदी सुरुवातीची, तिसरी मोहीम लावून दिली. तेव्हा ती तिनं तीनदा मरून चौथ्यांदा जिंकली होती, आणि आता तिच्याकडे त्या वेळेपेक्षा चांगलं यान होतं. ती नऊ वेळा मेली. "आज हातच चालत नाहीत बघ," ती हसत म्हणाली, "म्हातारी झाले मी." जाताना चिंगीचा गालगुच्चा घेऊन, उद्या वेळेवर खाली ये असं बजावून गेली. नवरा स्टूलवरून उठलाच नाही. मला वाटलं, ऑफिसात बोलणी बसली असतील.

सोमवारी सकाळी तो म्हणाला, "चिंगीला मी स्कूटरवर सोडतो."

हा! ज्याच्या स्कूटरला सायकली ओलांडून जातात! मंगळवारीही तेच. मंगळवारी दुपारी ताईचा मला फोन आला. "काय गं, पोरगी बसला का येत नाही? मी काही बोलले का? त्याला काही लागलंय का मनाला?" आवाज दुखावलेला होता. मी म्हटलं, तसं काही नाही, आणि मनात ठरवलं की बुधवारी सकाळी नवऱ्याला धारेवर धरायचं.

बुधवारी सात वाजता तो चिंगीचा एक मोजा हातात घेऊन दुसरा शोधत होता. चिंगी आंघोळीला गेली होती. मी दार लावून घेतलं. "खरं सांग. ताईशी काय बिनसलंय?"

"काही नाही."

"मग पोरगी बसनं का नको?"

तो मोज्याकडे बघत म्हणाला, "ताईला डावीकडचं दिसत नाही."

मला आधी कळलंच नाही. मग त्यानं सगळं सांगितलं: चाळीस लोक, सतरा बदल, काळा ढीग, नऊ वेळा मरणं. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की बरं झालं, चिंगी बसमध्ये नाही. इतकी मी आई.

तेवढ्यात खाली बसचा हॉर्न वाजला. दोनदा, तोकडा. दोन दिवस चिंगी जात नव्हती तरी ताई आमच्या दाराशी थांबून हॉर्न देतच होती. आणि तेव्हा मला बाकीचं कळलं.

"आपली पोर तेवढी उतरवलीस," मी म्हटलं, "आणि बाकीची सत्तावीस?"

"हळू बोल."

"आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असंच ना?"

"माझ्याकडे खात्री नाही गं. माझ्याकडे गेमचे आकडे आहेत. त्या आकड्यांवर ताईची एकोणीस वर्षांची नोकरी घालवू? कोणत्या तोंडानं सांगू तिला?"

"मग चिंगीला कसल्या खात्रीवर उतरवलंस?"

तो रडायला लागला, आणि मला त्याची कीव करायला वेळ नव्हता. पुन्हा हॉर्न वाजला. मी घरातल्याच चपलांवर जिना उतरले.

बसमध्ये तेव्हा नऊ मुलं होती. मी ठरवून उतरले होते की ताईच्या हातातून किल्ली काढून घ्यायची. दारातून वर बघितलं तर ती माझ्याकडे बघून इतकी खूश झाली की विचारू नका. "या, या! आज स्वारी शाळेत?" माझ्या जिभेला हाड नाही असं सगळे म्हणतात. त्या सकाळी ती जीभ टाळ्याला चिकटली. मी म्हटलं, "हो, शाळेत काम आहे जरा," आणि चढले. ते मी करायला नको होतं. बस तिथेच थांबवायला हवी होती, नऊ मुलांसकट, रस्त्याच्या मधोमध. मी नवऱ्याला घाबरट म्हणते, पण त्या पायरीवर आम्ही दोघं सारखेच निघालो.

मी बसले नाही. दाराच्या पायरीवर उभी राहिले, दांड्याला धरून, आणि सगळी डावी बाजू बघत राहिले. तुम्ही कधी रस्त्याची नुसती डावी बाजू बघितली आहे? तिथेच सगळं असतं. कचऱ्याचे डबे, उभ्या गाड्यांची उघडणारी दारं, कुत्रं, फुटपाथवरून अर्ध्या उतरलेल्या म्हाताऱ्या, बुटाची नाडी बांधायला वाकलेली पोरं. प्रत्येक थांब्यावर मी खाली उतरून मूल हाताला धरून वर घेतलं. ताई म्हणाली, "अगं, एवढं कशाला, चढतात ती आपली आपण."

चौथ्या थांब्यानंतर बस डावीकडे वळते. वळणाआधी मला सायकलवरची बाई दिसली. पुढे टोपली, टोपलीत पावाची पाकिटं, ती आमच्या बसला समांतर सरळ चालली होती. मी ताईकडे बघितलं. तिनं आरशात बघितलं. नीट, रीतसर, एकोणीस वर्षं बघत आली तसं बघितलं. आणि चाक डावीकडे फिरवलं.

"ताई!"

मी असं ओरडले की मागची पोरं गप्प झाली. ब्रेक लागला. सायकलवालीनं फुटपाथवर पाय टेकला, बसच्या पत्र्यावर हाताची थाप मारली, मला काहीतरी बोलली आणि निघून गेली.

"काय गं, केवढ्यानं ओरडलीस! काय झालं?"

"सायकल."

"कुठे?" ताईनं मान वळवून बघितलं. तोवर रस्ता रिकामा झाला होता. "हल्ली हे सायकलवाले कुठूनही उगवतात," ती म्हणाली, आणि तिनं गिअर टाकला.

शाळा येईपर्यंत मी तिला प्रत्येक वळणावर थांब म्हटलं, सावकाश म्हटलं, डावीकडे माणूस आहे म्हटलं, नसतानाही म्हटलं. ती चिडली. शेवटचं मूल फाटकातून आत गेलं तेव्हा माझा कुर्ता पाठीला चिकटला होता. मी म्हटलं, "ताई, बस इथेच राहू दे. घरी चल, चहा घेऊ. चालत जाऊ." ती माझ्याकडे बघत राहिली, पण आली.

नवरा चिंगीला सोडून परत आला होता. ऑफिसला येत नाही म्हणून कळवलं होतं. मी त्याला काहीही सांगून गेले नव्हते, तरी पलंगासमोर गेमचा पडदा सुरू करून, खिडकीवर चादर टाकून तो उभा होता. त्यानं रात्रभरात नाही, त्या दीड तासात एक नवी मोहीम बनवली होती. तारे काढले, संगीत काढलं, ग्रह काढले. नुसता काळा पडदा, मधोमध एक बारीक पांढरा ठिपका, आणि शत्रूचं एकच यान. पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांच्याही खोलीत असंच काहीसं होतं, काळोख आणि उजेडाचे ठिपके. त्यांनी सांगितलं की डोळ्याच्या आतला दाब वाढतो आणि शीर सुकत जाते. दुखत नाही, खुपत नाही. आपल्याला कमी दिसतंय हे माणसाला कळतच नाही, कारण मेंदू ती जागा आजूबाजूच्या रंगानं भरून टाकतो. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी टिकतं. हे सगळं नंतर. त्या सकाळी आमच्याकडे फक्त ते एक यान होतं.

"हे काय, आज बुधवारी?" ताई म्हणाली.

"एकच मिनिट ताई. मधल्या ठिपक्याकडे बघायचं. यान दिसलं की बटण दाबायचं. बाकी काही नाही."

यान उजवीकडून आलं. ते नखाएवढं होतं तेव्हाच ताईनं बटण दाबलं. वरून आलं. दाबलं. पुन्हा उजवीकडून. दाबलं. "हे काय पोरखेळ लावलेत?"

मग ती गप्प बसली. मी तिच्या मागे उभी होते. डावीकडे खालच्या कोपऱ्यात यान आलं होतं. नखाएवढं. मग बशीएवढं. ताईचं बोट बटणावर होतं, ते हललं नाही. यान ताटाएवढं झालं. मला ओरडावंसं वाटत होतं. नवऱ्यानं वहीची कडा चावून धरली होती.

"अरे, सुरू कर ना," ताई म्हणाली. "किती वेळ लावतोस? बस तिकडे उभी आहे माझी."

यानानं तोफ डागली, पडदा लाल झाला आणि ताई दचकून मागे सरकली. "हा कुठून आला?"

नवऱ्यानं वही खाली ठेवली.

"कुठून आला तो?"

"मघापासून होता, ताई," नवरा म्हणाला.

तिनं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा मी यान आल्यावर पडद्यापाशी जाऊन त्यावर बोट ठेवलं. ताईनं मान डावीकडे वळवली आणि तिला ते दिसलं. तिनं मान सरळ केली, पुन्हा वळवली, पुन्हा सरळ केली. असं पाच-सहा वेळा केलं. तिचा चेहरा मी कधीच असा बघितला नव्हता. आमच्या घरात भिण्याचं काम नवऱ्याकडे आहे, ताईकडे नाही.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"नोंदीत आठ महिन्यांपासून दिसतंय."

"आणि तू काय केलंस?"

"मी त्यांचा वेग कमी करत गेलो. मला वाटलं मोहीमच अवघड झालीय. मी सोपी करत गेलो, ताई." तो तिच्या पायाशी खाली बसला होता. "रविवारी कळलं. सोमवारीच सांगायला हवं होतं. मी भ्यालो."

मला वाटलं, ती त्याच्या मुस्काटात मारेल. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण बघत होती घड्याळाकडे. साडेबाराला मुलं सुटतात. तिनं पिशवीतून फोन काढला आणि शाळेच्या ऑफिसात लावला. आम्ही दोघं बघत राहिलो.

"मी बोलतेय, चार नंबरची बस. साडेबाराच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर बघा. किल्ली पोचवते... नाही, ताप नाहीये. मला डावीकडचं दिसत नाही... हो, डोळ्यांनी... नाही हो, आज नाही. आठ महिने झाले."

पलीकडून कोणीतरी मोठमोठ्यानं बोलत होतं. तिनं ते सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली.

"ताई, काही झालं तर नाही ना," नवरा म्हणाला. "आठ महिन्यांत काहीही झालं नाही."

"तुझ्या खेळात तू त्यांचा वेग कमी केलास म्हणून मी वाचत होते," ती म्हणाली. "रस्त्यावर कोणी केला?"

मी चहा ठेवायला उठले, पण स्वयंपाकघरात गेले नाही. दारातच उभी राहिले. ताई हळू आवाजात थांबे मोजायला लागली होती, घरी जातानाच्या क्रमानं. पहिल्या थांब्यावर जाड चष्म्याची आणि तिची बहीण. दुसऱ्यावर ती बडबडी. मग ते तिघं. प्रत्येक मूल डावीकडच्या दारातून खाली उतरवत होती आणि पुढे जात होती. तिसऱ्या थांब्यानंतर ती अडखळली.

"चौथ्या थांब्यावरच्या जुळ्यांतला धाकटा," ती म्हणाली, "उतरला की नेहमी बसच्या पुढून पळत जायचा. मी सतरांदा ओरडायचे. गेल्या महिन्यापासून तो एकदम बसच्या पुढे येईनासाच झाला. भिंतीला चिकटून उभा राहतो, बस गेल्यावर मग निघतो. शहाणा झालास म्हणून मी त्याला चॉकलेट दिलं."

ती माझ्याकडे बघत होती.

"का ते मी त्याला विचारलंच नाही गं."